विश्लेषण : पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने येशूवर रॉक गाणे का लिहिले? आणि नेवाशाच्या ओवीची आठवण इथे का येते?

‘क्वीन’ म्हटले की ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’, ‘वुई विल रॉक यू’ किंवा ‘वुई आर द चॅम्पियन्स’ ही गाणी आठवतात. क्रिकेटच्या मैदानापासून गणेशोत्सवातल्या डीजेपर्यंत त्यातले काही ना काही प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. याच बँडच्या पहिल्या अल्बममध्ये मात्र ‘जीझस’ नावाचे पावणेचार मिनिटांचे एक गाणे आहे आणि ते क्वीनच्या चाहत्यांपैकीही अनेकांनी लक्षपूर्वक ऐकलेले नाही. ते लिहिले फ्रेडी मर्क्युरीने. जन्माने पारशी, शिक्षण साताऱ्याच्या डोंगरातल्या पाचगणीत आणि गाण्याचा विषय येशू. या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या?

हे गाणे नेमके कधीचे?

‘क्वीन’ हा बँडच्याच नावाचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. (याच तारखेला, बरोबर बारा वर्षांनी, १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’चा तो गाजलेला कार्यक्रम झाला.) अल्बममध्ये दहा गाणी होती आणि ‘जीझस’ नवव्या क्रमांकावर होते. नववे गाणे म्हणजे तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा जवळजवळ शेवट. तिथपर्यंत पोहोचणारा श्रोता मुळातच कमी.

गाणे मात्र त्याआधीचे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये चौघांना लंडनच्या वेम्बली भागातला ‘डी लेन ली’ हा नवा स्टुडिओ फुकटात वापरायला मिळाला. तिथली यंत्रसामग्री नीट चालते का, हे तपासायला जोरात वाजवणारा एखादा बँड हवा होता आणि यांना डेमो हवा होता. तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या पाच गाण्यांत ‘जीझस’ होते. पाचच गाणी दाखवायची असताना हे त्यात निवडले गेले, म्हणजे बँडला ते सुरुवातीला महत्त्वाचे वाटत होते. नंतर ट्रायडंट स्टुडिओत अल्बम तयार झाला, तोही मोठ्या कलाकारांची कामे संपल्यावर उरलेल्या अवेळी तासांत. त्या वेळी हे चौघे कोणाच्या खिजगणतीत नव्हते. जॉन डीकनचे नाव तर अल्बमच्या वेष्टनावर उलटे, ‘डीकन जॉन’ असे छापले गेले.

गाण्यात आहे काय?

नाव ऐकून भक्तिगीत असावे असा समज होतो, पण चाल आणि मांडणी तशी नाही. गाणारा माणूस भक्त म्हणून बोलत नाही. तो गर्दीत उभा आहे आणि जे दिसते ते सांगतो आहे. भिकारी ओरडत आहेत, रोगी हाका मारत आहेत, एक म्हातारा काहीच न बोलता नुसता बघत उभा आहे. मग एक कुष्ठरोगी पुढे येऊन पाया पडतो. हातातली घंटा वाजवून आपण अशुद्ध असल्याचे सांगतो. त्याच्या डोक्यावर एक तळहात टेकतो. त्यानंतर तिसऱ्या कडव्यात कथा मागे जाते, ताऱ्याचा माग काढत बेथलेहेमला पोहोचलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपाशी. म्हणजे आधी चमत्कार, मग जन्म. आणि जन्माला आला तो कोण, हे सांगताना फ्रेडी ‘देवाचा पुत्र’ म्हणत नाही. माणसांचा पुढारी, अशा अर्थाचे शब्द वापरतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

कडव्यांची लय संथ, पावलामागून पाऊल टाकत चालणाऱ्या जमावासारखी आहे. धृपदात आवाजावर आवाज चढत जातात. चर्चमधल्या गायकवृंदाची आठवण व्हावी अशी ही रचना पुढे क्वीनची ओळखच बनली. मध्येच ब्रायन मेची गिटार सुटते आणि गाणे काही काळ चर्चमधून थेट रॉकच्या मंचावर जाते. ही गिटार मे आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, तिच्या मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीतले. शब्दांपेक्षा या भागातच गाण्याची खरी ताकद आहे, हे मान्य करावे लागेल. शब्द तसे साधे आहेत, शाळेतल्या नाताळच्या नाटुकल्यासारखे. ही तुलना वाटते तितकी दूरची नाही.

पाचगणीचा संबंध कुठे येतो?

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. बलसारा हे आडनावच गुजरातच्या बलसार म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला बोटीने भारतात पाठवण्यात आले आणि तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. त्याच सुमारास त्याची नवजोत झाली होती. सदरा आणि कुस्ती अंगावर चढवलेला, झरतुष्ट्राच्या धर्मात रीतसर प्रवेश घेतलेला हा मुलगा आता इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या निवासी शाळेत राहणार होता.

शाळेत तो पियानो शिकला, चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षा दिल्या, गायकवृंदात गायला. १९५८ मध्ये त्याला अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक मिळाला. चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँड इथेच जमला. ‘फ्रेडी’ हे नावही इथलेच. आईवडील समुद्रापलीकडे, सुट्ट्या बहुतेक मुंबईतल्या आजी-मावशीकडे.

निवासी शाळेत वाढलेल्या मुलांना प्रार्थनेची गाणी पाठ असतात. श्रद्धा असो वा नसो, चाली कायमच्या कानात बसतात. मराठी शाळांत वेगवेगळ्या धर्मांची मुले रोज एकत्र पसायदान म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पारशी घरातल्या मुलाला येशूची गोष्ट सांगावीशी वाटली, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ती गोष्ट त्याने लहानपणी गाण्यातूनच ऐकली होती.

मग १९७१ मध्येच का?

कारण तेव्हा येशू रॉकमध्ये सगळीकडे होता. १९७० मध्ये अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचा ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा दुहेरी अल्बम आला. त्यात येशूचा आवाज होता ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनचा. १९७१ मध्ये तेच संगीतक ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गेले आणि ‘गॉडस्पेल’ही आले. अमेरिकेत लांब केसांचे, अनवाणी फिरणारे तरुण स्वतःला ‘जीझस पीपल’ म्हणवत होते. ‘ब्लॅक सबाथ’सारख्या बँडनेही ‘आफ्टर फॉरेव्हर’ या गाण्यात श्रद्धेची बाजू घेतली होती. त्या काळात तरुण गीतकाराने हा विषय हाताळणे बंडखोरी नव्हती, उलट चलतीचे होते. ‘जीझस’ विस्मृतीत जाण्याचे एक कारण हेही असावे. जे १९७१ मध्ये ताजे होते, ते १९७३च्या जुलैमध्ये अल्बम बाजारात येईपर्यंत ऐकून झालेले होते.

दुसरे कारण व्यवहाराचे. अल्बमआधी आठवडाभर आलेले ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे एकल गाणे ब्रिटनच्या यादीत शिरूच शकले नाही. बँडला यश मिळाले ते पुढच्या गाण्यांमुळे. १९८१च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या ब्रिटिश आवृत्तीत पहिल्या अल्बममधले एकही गाणे त्याच्या मूळ रूपात नाही. ज्यांनी क्वीनला त्या संग्रहातून ओळखले, आणि जगातले बहुसंख्य तसेच आहेत, त्यांच्यापर्यंत ‘जीझस’ पोहोचलेच नाही.

येशू ही ऐतिहासिक व्यक्ती मानली जाते का?

चमत्कार हा श्रद्धेचा भाग, पण पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये येशू नावाचा उपदेशक होऊन गेला आणि त्याला रोमन सत्तेने क्रुसावर चढवले, हे आजचे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. ज्यू इतिहासकार जोसीफस याने पहिल्या शतकाच्या अखेरीस आणि रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ११६च्या सुमारास त्याचा उल्लेख केला आहे. ज्याच्या हुकमाने ही शिक्षा झाली त्या पाँटियस पायलटचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये इस्रायलमधल्या सिझेरिया इथे उत्खननात सापडला.

गाण्यातली घंटा मात्र त्या काळाची नाही. कुष्ठरोग्याने ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत चालावे हा नियम जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात आहे. हातात घंटा किंवा खुळखुळा देण्याची रीत मध्ययुगीन युरोपातली. फ्रेडीने दोन काळ एकत्र केले आहेत. गाणे इतिहासाचा पेपर नसल्यामुळे त्याला माफ आहे.

तीन ज्ञानी पुरुष आणि पारशी धर्म

गाण्यातला सगळ्यात रंजक धागा तिसऱ्या कडव्यात आहे. ताऱ्याच्या मागे आलेले हे पाहुणे चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात येतात. ते तीन होते असे तिथे लिहिलेले नाही. भेटवस्तू तीन, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसेही तीन धरली गेली. आणि ते राजेही नव्हते. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘मागोई’. मराठी बायबलच्या जुन्या आवृत्तीत तो ‘मागी’ असाच ठेवला आहे.

मागी म्हणजे कोण? प्राचीन इराणमधला पुरोहितवर्ग. जुन्या पर्शियन भाषेतला ‘मगु’ हा तो शब्द. पारशी धर्मगुरूंना आजही ‘मोबेद’ म्हणतात, तो शब्द ‘मगुपती’वरूनच घडला. (आपल्याकडच्या सूर्यपूजक मग ब्राह्मणांचे नावही अनेक अभ्यासक याच मुळाशी जोडतात.) पुढच्या काळात ग्रीक-रोमन लोक कोणत्याही ज्योतिष्याला किंवा मांत्रिकाला हाच शब्द लावू लागले, इंग्रजीतला ‘मॅजिक’ तिथूनच आला. त्यामुळे मत्तयला नेमके इराणी पुरोहितच अभिप्रेत होते का, यावर मतभेद आहेत. पण जुन्या ख्रिस्ती चित्रकारांच्या मनात शंका नव्हती. इटलीतल्या रावेना इथल्या सहाव्या शतकातल्या भित्तिचित्रात हे तिघे पर्शियन टोप्या आणि विजारी घालूनच येतात. इ.स. ६१४ मध्ये इराणी सैन्याने पॅलेस्टाइन जिंकले, तेव्हा बेथलेहेमचे चर्च पाडले नाही. कारण दारावरच्या चित्रात त्यांना आपल्याच वेषातली माणसे दिसली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

म्हणजे नवजोत झालेला एक पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत नाताळची गोष्ट ऐकतो आणि त्या गोष्टीत बाळाला पहिला नमस्कार करायला आलेले पाहुणे बहुधा त्याच्याच धर्माचे पुरोहित असतात. फ्रेडीने ही गोष्ट गाण्यात मुद्दाम अधोरेखित केलेली नाही. पण तीन कडव्यांपैकी एक पूर्ण कडवे त्यांना दिले आहे.

यात नेवासे कुठून आले?

येशूची गोष्ट दुसऱ्या परंपरेतल्या माणसाने आपल्या छंदात सांगण्याचा प्रयोग महाराष्ट्र आणि गोव्याला नवा नाही. त्याचा एक धागा प्रवरेच्या काठी, नेवाशात सापडतो.

शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशात भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. जिला टेकून हे निरूपण झाले असे मानतात, तो ‘पैस’चा खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. संस्कृतात बंद असलेली गीता सुमारे नऊ हजार ओव्यांत मराठीत आली. साडेतीन चरणांची, जात्यावर बसलेल्या बाईच्या ओठांवरची ओवी हा त्या ग्रंथाने तत्त्वज्ञानाचा छंद केला. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना गावाने बाहेर ठेवले, त्या भावंडांपैकी एकाने हे केले, हे विसरता येत नाही.

याच ओवीत, इ.स. १६१६ मध्ये, येशूची समग्र कथा मराठीत आली. ती लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. १५७९ मध्ये ते गोव्यात आले, इथल्या भाषा शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते साष्टीतल्या राचोलला रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या कानांना काहीतरी हवे होते. ती गरज ओळखून स्टीफन्स यांनी पुराणाचाच घाट घेतला. त्यातली मराठीची स्तुती आजही शाळेत शिकवली जाते.

आणखी तीन शतकांनी हा धागा नेवासा ज्या जिल्ह्यात आहे त्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये परतला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढची बरीच वर्षे त्यांचे वास्तव्य नगरमध्ये होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तने केली आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केले. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरे होते. त्याचा मोठा भाग पूर्ण केला तो ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नाच्या वेळी धड लिहिता-वाचता येत नव्हते.

नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यालाही अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे होते; फेअरबँक कुटुंबाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या भागात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांनी कुष्ठरोग्याच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकली, तेव्हा तिचा अर्थ लंडनच्या श्रोत्याला लागेल त्यापेक्षा वेगळा लागला असणार. फ्रेडीच्या गाण्यातही सगळ्यात नेमका क्षण तोच आहे, तळहात टेकण्याचा.

अर्थात, फ्रेडीने स्टीफन्स किंवा टिळक वाचले होते असा दावा इथे नाही. साम्य आहे ते पद्धतीत. स्टीफन्स यांनी ओवी घेतली, टिळकांनी अभंग आणि कीर्तन घेतले, फ्रेडीने इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिघांनीही गोष्ट तीच ठेवली आणि ऐकणाऱ्याच्या सवयीचा छंद निवडला.

फ्रेडीने धर्माविषयी पुढे काही लिहिले का?

थेट असे नाही, पण धागे दिसत राहतात. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’त ‘बिस्मिल्ला’ येते. १९७८ च्या ‘जॅझ’ अल्बमची सुरुवातच ‘मुस्तफा’ या अजानच्या सुरावटीची आठवण देणाऱ्या गाण्याने होते. त्यामागे झांझिबारचे बालपण असावे. १९७६ चे ‘समबडी टू लव्ह’ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल शैलीत आहे. त्यात गाणारा देवाशी भांडतो. ‘जीझस’मध्ये तो गर्दीत उभा राहून फक्त बघत होता. पाच वर्षांत झालेला हा बदल मोठा आहे आणि गाणे म्हणून ‘समबडी टू लव्ह’ कितीतरी पटीने सरस आहे.

भारतातल्या बालपणाविषयी मात्र तो मुलाखतींत फारसे बोलत नसे. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्थममध्ये आले. तिथे आशियाई नाव घेऊन रॉक गायक होणे सोपे नव्हते. फारोखचा फ्रेडी शाळेत झाला होता, बलसाराचा मर्क्युरी १९७० च्या सुमारास झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सशी संबंधित न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी, अवेस्तातल्या प्रार्थना म्हणत केले.

आता हे गाणे कुठे ऐकता येईल?

ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पहिला अल्बम ‘क्वीन वन’ या नावाने नव्याने मिश्रण करून प्रसिद्ध झाला. १९७३ चा आवाज, विशेषतः ढोलांचा, बँडला कधीच पसंत नव्हता. नव्या आवृत्तीत तो मोकळा झाला आहे. त्याच संचात १९७१ चे डी लेन ली डेमोही आहेत आणि ते बहुतेक संगीत ॲपवर मिळतात. डेमोतले ‘जीझस’ सुमारे पाच मिनिटांचे आहे, मधला गिटारचा भाग अधिक लांब आणि मोकाट. दोन्ही लागोपाठ ऐकायची असतील तर डेमो आधी लावावा. पंचविशीतला, अजून कोणालाच माहीत नसलेला फ्रेडी त्यात जास्त स्पष्ट ऐकू येतो.